मातेऱ्याचा हक्क

दुष्काळ सरून पाच वर्षे लोटली होती, आणि दुधना नदीच्या काठावरील चिंचोली गावाच्या शिवारात त्या साली शाळू असा पिकला होता की, उभ्या पिकात शिरलेला मनुष्य बाहेरून दिसत नसे. माघ सरता सरता उपटणी झाली, कणसे खुडली गेली आणि अप्पाराव पाटलांच्या मळ्यात कणसांचा ढीग माणसाच्या डोक्याहून उंच झाला. अशा समयी, कोणाच्या निरोपाची वाट न पाहता, चांगुणाबाईने शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि ती पाटलांचे खळे सारवण्यास निघाली.

जी बाई खळे सारवील तिचे मातेरे, असा त्या गावचा रिवाज होता. बैलांच्या पायांखाली कणसे मळली जात, तिवईवर उभे राहून वाऱ्यावर धान्य उपणले जाई, रास पोत्यांत भरली जाई. आणि सर्व उरकल्यावर खळ्याच्या भेगांत, कडेच्या धुळीत, खुरांनी दाबलेले जे दाणे मातीत मिसळून उरत, ते मातेरे सारवणाऱ्या बाईचे होई. ती ते खुरप्याने खरवडी, चाळी, नदीत धुई, वाळवी आणि घरी नेई. चांगुणाबाईच्या घरी ती, तिचा नवरा पुंजाराम, सासू गिरिजाबाई आणि दोन पोरी अशी पाच तोंडे होती. ती पाच तोंडे आषाढापर्यंत त्याच दाण्यांवर जगत.

पुंजाराम या गोष्टीविषयी फार काटेकोर होता. छप्पन साली वस्तीने धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो ऐन जवान होता. त्या दिवसापासून त्याने दारोदार भाकर मागणे सोडले, मेलेली ढोरे ओढणे सोडले आणि 'जोहार' हा शब्द जिभेवरून पुसून टाकला. मातेरे मात्र त्याने सोडले नाही. तो म्हणे, "मागून आणली ती भीक. सारवून आणली ती मजुरी." शेतकरी जसा आपल्या आणि शेजाऱ्याच्या रानामध्ये बांध घालतो, तसा हा बांध त्याने आपल्या आयुष्यात घातला होता आणि वीस वर्षे तो त्याच्या अलीकडेच राहिला होता.

चांगुणाबाईने खळ्यावरचे गवत खुरपले, नदीचे पाणी घागरींनी आणून शिंपडले, धुमसाने जमीन ठोकली आणि मग गुडघे टेकून ती हाताने शेण ओढू लागली. ऊन पाठीवर चढत होते. तळहाताची कमान एकावर एक उमटत होती. इतक्यात तिच्या शेजारच्या घरची केशरबाई बांधावर येऊन उभी राहिली. केशरबाईचा नवरा बद्रीनाथ; त्यांच्याकडे पलीकडच्या तातेरावांच्या खळ्याचे मातेरे होते.

"चांगुणे, तुला सांगावा आल्ता का गं?"

"सांगावा कशाला? दर साली येतो का?"

"यंदा मशीन येऊन राह्यली म्हणतेत. परतूरची. पोरं सांगत व्हती, मधी कणसं टाकली का इकडून पोतं भरून निघतं. म्या तर बाई इच्यारल्याबिगर शेणाला हात लावायची न्हाई."

"इच्यारलं तर न्हाई म्हणतील," चांगुणाबाई मान वर न करता म्हणाली. "शेण लावलं म्हंजी बोलाया जागा राहती. सारवलेल्या खळ्याला कोन न्हाई म्हणंल?"

"तुझं गणित तुला बराबर," असे म्हणून केशरबाई हसली. पण तिचे हसणे अर्ध्यावरच राहिले आणि ती निघून गेली.

दुपारी स्वतः अप्पाराव पाटील मळ्यात आले. चांगुणाबाई पदर सावरून बाजूला उभी राहिली. पाटलांनी ओल्या खळ्याकडे पाहिले, तिच्या शेणाने भरलेल्या हातांकडे पाहिले, घसा साफ केला आणि आभाळाकडे तोंड करून ते म्हणाले, "वारं बरं सुटलंय." एवढे बोलून ते विहिरीकडे निघून गेले. तो मनुष्य दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर त्याने तोंडावर 'नको' म्हटले असते, आणि तिचा दिवस वाचला असता. चांगुणाबाईने त्या मौनाला होकार समजले आणि दुसरा हात सारवण्यासाठी पुन्हा शेण कालवले.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम पाटलांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला. ओट्यावर पाटलांचा मुलगा भुजंग चार माणसांत बसला होता. तो औरंगाबादेस दोन वर्षे कॉलेजात राहून आला होता, आणि वस्तीतल्या माणसांना 'अरे-तुरे' करायचे नाही, एवढे तेथून शिकून आला होता. पुंजाराम बराच वेळ उभा राहिल्यावर त्याचे लक्ष गेले.

"बोला, पुंजारामभाऊ."

"खळं सारवून झालंय, भुजंगराव. बैलं कव्हा धरायची?"

"बैलाला यंदा इश्रांती. सोमवारी रामकिसनशेठची मशीन येऊन राह्यली. धा दिसाचं काम एका दिसात. वाऱ्याची वाट बघायची न्हाई, का खळ्यावर राखण झोपायचं न्हाई."

"मंग मातेऱ्याचं कसं?"

ओट्यावरची माणसे हसली. भुजंगही हसला, पण ते हसणे वाईट नव्हते. "आवो, मशीनमधी माती कुठून यायची? मातीच न्हाई तर मातेरं कशाचं?"

"मातीचं न्हाई इच्यारत म्या. मजुरीचं इच्यारतो. बाईनं दोन हात सारवलंय."

भुजंग थोडा गोंधळला. चार माणसांत आपण कंजूष दिसू नये असे त्याला वाटले असावे. "बरं, असं करू. मशीनच्या खाली जे सांडंल ते तुमचं. आन मशीनला कणसं घालाया माणूस पाह्यजे, त्याला तुमीच या. त्याचा रोज रोख देतो. झालं का?"

"चार लोकाच्या म्होरं बोल्लात."

"बोल्लो. बिलकुल बोल्लो."

पुंजाराम घरी आला तेव्हा त्याच्या चालण्यात एक प्रकारची ऐट होती. हक्क गेला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती, अशी त्याची समजूत होती. गिरिजाबाई दाराशी बसून होती. तिला दिसत कमी असे, परंतु कान तीक्ष्ण होते. सर्व ऐकून ती म्हणाली, "खाली सांडंल ते? आरं, येवढंसं जातं, तर त्याच्याखाली पसाभर सांडतं. ही तर गाडीयेवढी म्हणतेत. मंग किती सांडंल!"

"आत्याबाई, ते जातं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली.

"दाणा हलवला का सांडतोच, सूनबाई. मानसाच्या हातून सांडतो, तर लोखंडाला काय हात हायेत का धराया?"

हे बोलणे सर्वांना पटले. चांगुणाबाईने दाभण घेतले, आणि फाटकी पोती मांडीवर घेऊन ती शिवत बसली.

सोमवारी दिवस उगवताच ट्रॅक्टर मळ्यात शिरला. त्याच्यामागे तांबड्या रंगाचे ते यंत्र डुलत येत होते. त्याला बांधावरून आत घेण्यास वाट अरुंद पडली, म्हणून रामकिसनने ट्रॅक्टर सरळ खळ्यावरून घातला. दोन हात सारवलेल्या, गोवरीसारख्या वाळलेल्या त्या भूमीचे पापुद्रे मोठ्या चाकांखाली मोडले, आणि खालची काळी माती उलटून वर आली. चांगुणाबाई पोती काखेत धरून उभी होती. ती पुढे दोन पावले आली आणि थांबली.

"आडवं नका येऊ, बाई," रामकिसन वरून ओरडला. हा परतूरचा मनुष्य. अंगाने सडपातळ, डोक्याला मफलर, आणि बोलताना सदैव घाईत. "भुजंगराव, ताडपत्री काढा. आधी खाली ताडपत्री, मंग मशीन."

यंत्राच्या खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंनी दोन हात पसरेल इतकी मोठी ताडपत्री अंथरली गेली. पुंजाराम तिच्या काठाशी जाऊन उभा राहिला.

"भुजंगराव, ही खाली नव्हती ठरली."

"काय?"

"ताडपत्री. खाली सांडंल ते आमचं, असं बोल्लात तुमी."

"मंग? ताडपत्रीच्या खाली सांडंल ते तुमचंच की," भुजंग म्हणाला, आणि आपण काय बोललो याचा अर्थ ध्यानात येताच तो इकडे तिकडे पाहू लागला. "आवो, माती लागली का मोंढ्यात भाव पडतो, पुंजारामभाऊ. आता मशीन आणलीय तर माल सोच्छ नको का? चला, जल्दी करा. ट्रॅक्टरचं भाडं तासावर हाय."

पट्टा चढला. यंत्राने आधी घसा खाकरल्यासारखा आवाज केला, आणि मग शिवार हादरले. पुंजाराम फळीवर उभा राहून कणसांचे घास त्याच्या तोंडात घालू लागला. आतले दात फिरताना दिसत नसत. केवळ हातातले कणीस ओढले जाई, आणि त्या ओढीने मनगटाला झटका बसे. पहिल्या झटक्यालाच त्याने हात असा मागे घेतला की खालची माणसे हसली. कणसांच्या टोचऱ्या कुसाचा लोट उसळून मानेवर, पापण्यांवर, काखेत बसला. अंग पेटल्यासारखे झाले. नाकातोंडाला फडके बांधले तर श्वास कोंडे, सोडले तर घसा सोलवटे. आजवर खळ्यावर मळणी म्हणजे गाणी, थट्टा, बैलांना हाका. आता माणसे एकमेकांशी हातांनी बोलत होती. तातेरावांचे दोन बैल, जे दर साली पाटलांच्या खळ्यावर मजुरीने फिरत, ते बाभळीखाली बांधलेले होते आणि त्या आवाजाने दाव्याला हिसडे देत होते.

"जल्दी!" भुजंग दर घटकेला ओरडे. "भसाभस घाला! घास तुटू देऊ नका!"

पुंजाराम भसाभस घालू लागला. यंत्राच्या एका तोंडातून जवारीची धार पोत्यात पडत होती. तिच्याकडे पाहून कोणाही कुणब्याच्या डोळ्यांत पाणी यावे, अशी ती धार होती. मोत्यासारखी, खडा नाही, माती नाही. दुसऱ्या बाजूने पंखा भूस दूर फेकत होता. माथ्यावरचे ऊन कलले तोच कणसांचा ढीग संपला. रास झालीच नाही. धान्य भुईला टेकलेच नाही. पोती शिवली गेली, बैलगाडीत भरली गेली, आणि चांगुणाबाईच्या समोर ताडपत्रीची घडी झाली.

ती वाकली. ताडपत्रीच्या जागची माती तिने दोन्ही हातांनी उकरून पाहिली. दोन-चार दाणे तिच्या बोटांना लागले. ते तिने वेचले नाहीत.

मग तिने मान वळवली आणि ती भुसाच्या ढिगाकडे पाहू लागली. काय मनात आले कोण जाणे, तिने एक मूठ भूस उचलली, तळहातावर घेतली आणि हळूच फुंकली. भूस उडाले आणि तळहातावर दाणे राहिले. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि आतली मूठ काढून फुंकली. पुन्हा दाणे.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "हिकडं या."

पुंजारामचे डोळे सुजून लाल झाले होते. त्याने पाहिले. "हे खाली सांडलंय," तो सावकाश म्हणाला. "ताडपत्रीच्या भायेर, खाली. ठरलं त्या परमाणं हे आपलंच हाय."

ते दोघे दोन दिवस तो ढीग उपणत होते. चांगुणाबाई तिवईवर उभी राही, पुंजाराम भुसाची पाटी तिच्या हाती देई, ती भूस वाऱ्यावर सोडी. दाणे जवळ पडत, भूस लांब जाई. तिचे दंड भरून येत, कंबर आखडून जाई, पण तोंडावर तजेला होता. यंत्र त्यांना मातेऱ्याहून अधिक देऊन गेले होते, आणि तेही धुण्याची गरज नसलेले. शिवलेली पोती भरत चालली. केशरबाई पाहून गेली आणि गावात सांगून आली. दुष्टाव्याने नव्हे, नवलाने.

नवलाची गोष्ट ओट्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भुजंग मळ्यात आला. त्याने भरलेली पोती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. आपण भाडे देऊन आणलेले यंत्र आपलेच धान्य भुसात फेकत होते, ही गोष्ट त्याला त्या पोत्यांनी सांगितली. त्याने शेजारच्या शिवारात काम करीत असलेल्या रामकिसनला बोलावणे पाठवले. अप्पाराव पाटीलही आले. पाहता पाहता माणसे जमली.

रामकिसनने भूस हातात घेऊन पाहिले. आपल्या यंत्राचे नाव गावोगावी जाईल, ही भीती त्याच्या डोळ्यांत क्षणभर दिसली, आणि मग तो मोठ्याने म्हणाला, "मशीन बराबर हाय. मशीनला काय धाड भरली न्हाई. घालणाऱ्यानं भसाभस घातलं का दाणा भुसात जाणारच. कोन व्हतं घालाया?"

सर्वांनी पुंजारामकडे पाहिले.

"आन भुसातलं काढतंय कोन?" रामकिसन पुढे म्हणाला. "त्याचीच बायको. मंग आता मी काय सांगू? तुमी समजा."

'जल्दी, भसाभस घाला' ही भुजंगची हाक सोमवारी साऱ्या शिवाराने ऐकली होती. तातेरावांनी ऐकली होती, गाडीवानाने ऐकली होती. परंतु त्या घटकेला प्रत्येकाला आपापल्या पायांखालची माती पाहण्यासारखी वाटली.

"भुजंगराव," पुंजाराम म्हणाला, "तुमी सांगा. जल्दी कोन म्हणत व्हतं?"

भुजंगने बापाकडे पाहिले. बोलले ते अप्पाराव. त्यांचा आवाज मऊ होता. "जाऊ द्या रे. कामून वाढवता? नेलं तर नेलं. गरिबाच्या पोटात गेलं. पुण्य लागंल. ने, पुंजाराम, घेऊन जा तू."

चांगुणाबाईच्या हाताने नकळत पोत्याचे तोंड धरले. तिला वाटले, नवऱ्याने आता काही बोलू नये. परंतु पुंजारामचे ओठ पांढरे पडले होते.

"पाटील, नेलं न्हाई. निवडून काढलंय. दोन दिस उपणलंय दोघांनी. मजुरी म्हणून द्या, नेतो. आमचा ठराव व्हता म्हणून सांगा, नेतो."

"आता ते ठराव-बिराव कशाला? मी देतोय न्हवं?"

"मंग न्हाई पाह्यजे."

त्याने पोती ओढली आणि सर्वांच्या देखत एकेक पोते पाटलांच्या पायांपुढे रिते केले. दाणे सळसळत भुईवर पडले. चांगुणाबाई तिवईला धरून उभी राहिली. फक्त रिती पोती तिने एकात एक घालून काखेत मारली, कारण पोती तरी तिची स्वतःची होती.

रामकिसनने त्याच सायंकाळी यंत्राची चाळणी बदलली, पंख्याचा वेग कमी केला, आणि त्यानंतर भुसात दाणा गेला नाही.

पुढच्या दिवसांत ते यंत्र गावाच्या शिवारात या मळ्यातून त्या मळ्यात फिरले. तातेरावांनीही बैल बाजूला बांधून त्यालाच बोलावले, आणि केशरबाईला शेण लावण्याचीही वेळ आली नाही. पूर्वी फाल्गुन सरेपर्यंत कामाला माणूस पुरत नसे. त्या साली होळीच्या आधीच खळी ओस पडली. मोंढ्यात चिंचोलीच्या मालाला चांगला भाव आला, अशी वार्ता होती. पुंजारामला घास घालण्याच्या एका दिवसाचा जो रोज मिळाला होता, तो मीठ-मिरचीत आणि गिरिजाबाईच्या खोकल्याच्या औषधात गेला. तो सकाळी उठून काम शोधायला निघे. घनसावंगीच्या रस्त्यापर्यंत जाऊन येई. संध्याकाळी घरी येऊन भिंतीला टेकून बसे. पोरींनी चिंचेचा पाला उकडून खाल्ला तेव्हा तो बाहेर जाऊन बसला.

"काय मिळवलंस रे पोती रिती करून?" गिरिजाबाईने एकदा विचारले. "तुझ्या बापानं हात जोडून पोरं वाढवली."

"म्हणूनच म्या जोडले न्हाई," तो म्हणाला.

एके दिवशी दुपारी पाटलांच्या गड्याने चांगुणाबाईला निरोप दिला की, मागच्या दाराशी ये. ती गेली. दारात पाटलांची पत्नी उषाबाई पायलीभर जवारी घेऊन उभी होती.

"ये गं. पोरी निजल्या उपाशी, असं ऐकलं. कसं व्हावं तुमचं! तुझा नवरा तर नुसता ताठ. धर पदर."

"पाटलीणबाई, काही काम असंल तर सांगा. अंगण सारवते, भांडी..."

"अगं, काम कशाला? काम काय पळून चाललंय? धर जल्दी, हात अवघडला माझा."

चांगुणाबाईने पदर पसरला. उषाबाईने माप उंच धरून दाणे वरून सोडले, मापाला पदराचा स्पर्श होऊ नये म्हणून. दाणे उंचावरून पडत होते, त्यातले काही पायरीवर उडाले. ते कोंबड्यांनी टिपले.

त्या सायंकाळी जाते फिरले. भाकरीचा वास घरात पसरला तेव्हा पुंजाराम भिंतीशी ताठ बसला.

"कुठून आणली?"

चांगुणाबाईने तव्यावरची भाकर उलटली.

"इच्यारून राह्यलो म्या, कुठून आणली?"

"खा आधी," गिरिजाबाई म्हणाली. "पोरी खाऊन राह्यल्या, दिसत न्हाई का तुला? मला आंधळीला दिसतंय."

दोन्ही पोरी गरम तुकडे फुंकून, न चावता गिळत होत्या. पुंजारामने त्यांच्याकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मग त्याने हात पुढे केला. चांगुणाबाईने भाकर त्याच्या हातावर ठेवली, आणि त्याने खाली मान घालून ती खाल्ली.

सकाळी दिवस वर आला असता वस्तीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली.

"ए पुंजा!"

हाक भुजंगची होती. पुंजाराम दारात आला. वीस वर्षांत त्याला कोणी तशी हाक मारली नव्हती. भुजंग एक पाय भुईला टेकून सायकलवरच बसला होता, आणि आपल्या तोंडून काही वेगळे निघाले याची त्याला जाणीव असल्याचे दिसत नव्हते.

"गोठा साफ करायचाय. गडी आला न्हाई आज. पाटी-फावडं घेऊन ये, आन मूत-शेण सगळं उकिरड्यावर ने."

"मजुरी काय?" पुंजारामने विचारले.

"मजुरी?" भुजंगला खरोखरच आश्चर्य वाटले. "आरं, काल पायलीभर जवारी नेली घरात, तवा इच्यारलं का, कशाची म्हणून?"

तो निघून गेला. पुंजाराम दारातच उभा राहिला. त्याने बांध घातला होता तेथे बांध उरला नव्हता; पाणी केव्हा पलीकडे गेले, हेही त्याला कळले नव्हते. तो वळला.

"किती दळलं?"

"निम्मं," चांगुणाबाई म्हणाली. "निम्मे दाणे गाडग्यात हायेत. अवो, राहू द्या ते. चार दिस निघतील."

"फडक्यात बांध."

"पोरींकडं बघा तरी."

"बघितलं काल. म्हणूनच खाल्लं. बांध."

ती बसूनच राहिली. शेवटी त्याने स्वतःच गाडगे फडक्यात उपडे केले, गाठ मारली आणि पाटी-फावडे घेऊन तो निघाला. पाटलांच्या गोठ्यात दोन्ही भिंतींना गुरे बांधलेली होती. दाण्यांचे गाठोडे खुंटीला अडकवून त्याने डावीकडून आरंभ केला. शेण ओढले, मुताचा चिखल खरडला, पाट्या भरभरून उकिरड्यावर टाकल्या, दगडी फरशी पाण्याने धुतली. पोटात कालची एकच भाकर होती. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तो गव्हाणीला धरून उभा राहिला आणि बैलाने त्याचा खांदा हुंगला. डाव्या भिंतीचे शेवटचे जनावर झाल्यावर त्याने फावडे धुतले, गाठोडे घेतले आणि तो ओट्याखाली आला. अप्पाराव आणि भुजंग दोघेही तेथे होते. त्याने गाठोडे ओट्याच्या कडेवर ठेवले.

"हे उरलेलं."

भुजंगने गोठ्याकडे नजर टाकली. "गोठा निम्माच झालाय."

"दाणेबी निम्मेच खाल्लेत," पुंजाराम म्हणाला.

भुजंग हसू लागला; परंतु बापाचा चेहरा पाहून थांबला. अप्पारावांनी गाठोडे हातात घेतले, त्याचे वजन पाहिल्यासारखे केले, आणि त्या मऊ आवाजातच विचारले, "पुंजाराम, हे ठीक. पण पुढल्या साली मशीन दोन येणार हायेत. मंग तू काय करशील?"

पुंजाराम पाठ वळवून चालू लागला. तो उन्हातून घरी आला. चांगुणाबाईने त्याचे रिते हात पाहिले. ती रागावली नाही, रडली नाही. तिने त्याच्या पायांवर पाणी घातले आणि शेणाने फुटलेल्या टाचा पुसून दिल्या. गिरिजाबाईने नाक वर करून विचारले, "दाणे कुठं?" चांगुणाबाईने रिते गाडगे पालथे घातले, त्या आवाजावरून तिला समजले.

गोठ्याची उरलेली निम्मी बाजू मात्र तशीच राहणार नव्हती. दुसऱ्या सकाळी चांगुणाबाई दाराशी बसली असता तिला केशरबाई पाटलांच्या गोठ्याकडे जाताना दिसली. तिच्या डोक्यावर स्वतःची पाटी होती, आणि दाण्यांसाठी पदराची झोळी तिने घरातून निघतानाच कमरेला खोचून घेतली होती. तिला कोणी बोलावणे पाठवले होते की ती आपणहून निघाली होती, ते कळत नव्हते. मागे तिच्या दारात बद्रीनाथ गुडघ्यांत मान घालून बसला होता.

केशरबाईने चांगुणाबाईकडे पाहिले आणि लगेच नजर वळवून ती भराभर चालू लागली. तिला हाक मारून थांबवावे असे चांगुणाबाईला वाटले. ती उठलीही. परंतु थांबवून तिला घरात नेऊन काय द्यावे, हे तिला सुचले नाही.